खड्ड्यातले जावईबापू

गाडी उचलायला गेलेला माणूस गाडीखालीच अडकला, ही गोष्ट गल्लीत पुढे बरेच दिवस चवीने चघळली गेली. चघळणाऱ्यांना ती अर्धीच ठाऊक होती. त्या दिवशी गॅरेजला सुट्टी होती, शटर अर्धं खाली होतं, आणि आत जे तिघे होते त्यांनी नंतर कुणाजवळ तोंड उघडलं नाही.

त्याला सगळे जावईच म्हणत. सासऱ्याने म्हणावं हे ठीक, पण समोरचा पंक्चरवाला, स्पेअर पार्टच्या दुकानातला माणूस, गिऱ्हाइकंसुद्धा "जावई, जरा क्लच बघा हो" म्हणत. आईबापांनी हौसेने ठेवलेलं नाव आता फक्त लायसन्सवर उरलं होतं. लग्न ठरलं तेव्हा सासरा म्हणाला होता, "खाली गॅरेज आहे, वर तीन खोल्या आहेत, मुलगी एकुलती एक आहे. तुम्ही भाड्याच्या खोलीत कशाला राहता?" बोलणं काही चुकीचं नव्हतं. जावई पान्यांची पेटी घेऊन राहायला आला तो आलाच.

सासरा वाईट माणूस नव्हता आणि हीच खरी पंचाईत होती. वाईट असता तर एखाद दिवशी कडाक्याचं भांडण काढून निघता आलं असतं. हा माणूस अहो-जाहो करून राबवी. "जावईबापू, तुम्ही जरा खाली उतरता का? ऑइल काढायचंय." जेवताना आग्रह करकरून वाढी, जावयाचं नुसतं डोकं दुखलं तरी स्वतः जाऊन गोळी आणी. कुठला पाना कुठल्या खिळ्याला टांगायचा, कुठली गाडी आधी घ्यायची, पंखा कितीवर ठेवायचा, हे मात्र तोच ठरवी. जावई कधी कंटाळून म्हणाला की जरा एक चक्कर मारून येतो, तर "थांबा, मीही येतो, माझेही पाय आखडलेत" म्हणत चपला शोधी. सासूबाई गेल्यापासून त्याला एकटं बसवतच नसे. आपण लग्न नेमकं कोणाशी केलंय, असा प्रश्न जावयाला अधूनमधून पडे.

बायको अबोल होती. वरचा स्वयंपाक, खालचा हिशेब, बापाची औषधं, सगळं ती गुपचूप उरकी. पार्ट आणायला व्हॅन घेऊनही तीच जाई. याच आवारात बापाने तिला शाळकरी वयात गाडी शिकवली होती आणि खरं सांगायचं तर ती नवऱ्यापेक्षा बरी चालवी. या घरात तिला कसं वाटतं, हे जावयाने कधी विचारलं नव्हतं. घर तिचं, बाप तिचा, तिला काय वाटायचंय, असं त्याने धरून ठेवलं होतं.

पिकअपही तिचीच. आत्याने कोंबडीखाद्याचा धंदा बंद केला तेव्हा ती जुनी गाडी भाचीच्या नावावर करून दिली होती. आवाराच्या कोपऱ्यात ती धूळ खात उभी होती, आणि जावई संध्याकाळी तिच्याशी खुडबुड करत बसे. सासऱ्याला वाटे, छंद आहे बिचाऱ्याला. मग एकदा एक ठेकेदार जीप दुरुस्त करायला आला. वर डोंगरात बोगद्याचं काम चाललं होतं, पायथ्यापासून माल चढवायला त्याला पिकअप आणि चालवणारा माणूस हवा होता. राहायला खोली देत होता. सासरा चहा सांगायला गेला तेवढ्यात दोघांचं ठरलं.

"फक्त एक," ठेकेदार म्हणाला होता, "तो रस्ता नाही, दगडांची रास आहे. माल भरला की गाडीचं शेपूट बसतं आणि सायलेन्सर घासतो. मागून उंच करून आणा."

नवे स्प्रिंगचे पाटे घालणं जावयाच्या आवाक्याबाहेरचं होतं. पण स्वस्तातला एक उपाय प्रत्येक मेकॅनिकला ठाऊक असतो. मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या ॲक्सलवर पाट्यांची जुडी बसलेली असते. त्या दोघांच्या मध्ये दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी ठोकळा सरकवायचा, आणि लांब यू-बोल्ट घालून खालून घट्ट आवळायचं. जेवढा ठोकळा तेवढी गाडी उंच. जावयाने भंगारातून ठोकळे करून घेतले आणि पेटीत फडक्याखाली लपवून ठेवले. एकट्याने जायचं, बस्तान बसवायचं, मग बायकोला बोलवायचं, असं तो स्वतःला सांगे. 'मग' म्हणजे केव्हा, या प्रश्नाशी तो येऊन थांबे आणि दुसऱ्या विचाराला लागे. गाडी तिच्या नावावर आहे खरी, पण नवरा-बायकोत तुझं-माझं कसलं, असंही तो स्वतःला सांगे. स्वतःची समजूत घालण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

सुट्टीच्या सकाळी सासरा आजारी मित्राला बघायला दवाखान्यात गेला. बायको वर कपडे धूत होती. जावयाने पिकअप खड्ड्यावर घेतली. खड्डा म्हणजे गाडीखाली उभं राहून काम करायला जमिनीत खणून बांधलेला लांबट हौदच, मागच्या टोकाला उतरायला पायऱ्या. पिकअपचं तोंड भिंतीकडे, शेपूट पायऱ्यांकडे. गाडी टेकवायच्या लोखंडी घोड्या नेमक्या दुसऱ्या गाडीखाली अडकलेल्या. त्या सोडवण्यात तास गेला असता, म्हणून त्याने मागे चेसिसच्या सांगाड्याखाली दोन्ही कडांना लाकडी ओंडके लावले. हेच दुसऱ्या कोणी केलं असतं तर त्याने त्याला उभा-आडवा सोलला असता.

चाकं काढली, ठोकळे बसवले, यू-बोल्ट हाताने फिरवून घेतले आणि आवळायला तो खड्ड्यात उतरला. पहिल्याच बोल्टला पाना लावून जोर काढला तसा एक ओंडका कुरकुरला आणि निसटला. गाडी हातभर मागे सरकली आणि तिचं मागचं धूड धाडकन कडांवर बसलं. जावई खाली बसला म्हणून वाचला. डोळ्यांत गेलेली माती पुसून त्याने वर पाहिलं, तर पायऱ्यांवर ॲक्सल आडवा पडला होता.

त्याला खरचटलंही नव्हतं. पण बाहेर पडायला वाट नव्हती. पुढे भिंत, मागे ॲक्सल, आणि दोन्ही बाजूंना आत्याने माल चढवायला जोडून घेतलेलं लोखंडी पायदान. पायदान आणि जमीन यांच्यामधून हात बाहेर जाई, डोकंही तिरकं करून जाई, पोट काही जाईना. सासऱ्याच्या आग्रहाने वाढलेलं पोट ते. जॅक बाहेर, मोबाइल बाकड्यावर, आणि वर धुण्याचं मशीन घरघरत होतं. त्याने दोनदा हाका मारल्या. तिसऱ्यांदा मारली नाही, कारण बायको आली तर एवढी घाई कशाला होती म्हणून विचारेल, हे त्याच्या लक्षात आलं. तो तेलकट भिंतीला टेकून बसला. त्याला पहिल्यांदाच त्या खड्ड्याची भीती वाटली.

काही वेळाने शटरखाली ओळखीच्या चपला दिसल्या.

"जावईबापू?"

"इथे आहे, मामा. खाली."

"सुट्टीच्या दिवशी?"

"जरा अडकलोय."

सासरा गुडघे कटकट वाजवत वाकला. "ओंडके लावलेत?"

"हो."

"घोड्या असताना?"

"हो, मामा. आधी जॅक लावा."

"लावतो की. कुठे लागलंय का तुम्हाला?"

"नाही."

"मग घाई कसली? नीट बघू द्या, नाहीतर गाडी आणखी बसायची." असं म्हणून सासऱ्याने स्टूल ओढलं आणि ऐसपैस बसला. "मित्र झोपलेला होता. म्हटलं, कशाला उठवा. तुम्ही अडकलात ते एका परीने बरंच झालं. एरवी तुम्ही बोलता कुठे माझ्याशी?"

जावयाने डोळे मिटले. ॲक्सलखालच्या फटीतून त्याला फक्त सासऱ्याचे पाय दिसत होते आणि ते पाय हलायचं नाव घेत नव्हते. मित्राचं यकृत, दवाखान्यातली गर्दी, हल्लीचे डॉक्टर, सगळं ऐकून झालं. मग पाय थोडे पुढे आले.

"हे ठोकळे कशाला घातलेत?"

"उंच गाडीला गिऱ्हाईक लवकर मिळतं."

"विकायची आहे? बबीला विचारलंत?"

जावई काय थाप मारावी याची जुळवाजुळव करत होता, तेवढ्यात बाकड्यावरचा मोबाइल वाजला. "राहू द्या मामा, मी नंतर बघतो," तो ओरडला. सासऱ्याला एका कानाने कमी ऐकू येई, म्हणून तो कोणाचाही फोन स्पीकरवर घेई. हाही घेतला.

"अहो, शेपूट उचललंत का गाडीचं?" ठेकेदाराचा आवाज गॅरेजभर घुमला. "उद्या सकाळी कामावर हजर पाहिजे."

"जावई खड्ड्यात आहेत," सासरा म्हणाला.

"काय?"

"खड्ड्यात. मी सासरा बोलतोय. कसलं काम?"

"तुम्हाला माहीत असेलच की. वर बोगद्यावर. बरं, त्यांना सांगा, चावी पायथ्याच्या ऑफिसात ठेवलीय. खोली एकट्या माणसाची आहे हं. एकटाच येतोय, मागे कोणी नाही म्हणाले, म्हणून ती दिली. उद्या कोणाला घेऊन आलात तर जागा नाही."

फोन बंद झाला. मशीन कधी थांबलं होतं कोण जाणे. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बायकोचे ओले पाय जावयाला दिसले. ते जागच्या जागी थांबले होते, आणि जावयाला वाटलं, ॲक्सल अंगावर पडला असता तर बरं झालं असतं.

सासराच आधी बोलला. त्याचा आवाज चढला नव्हता. "माझा कंटाळा आला, ते समजू शकतो मी. म्हातारा बडबड करतो. पण मागे कोणी नाही म्हणालात?"

"तसं नाही, मामा. बस्तान बसलं की बोलावणारच होतो."

बायको पुढे आली, खाली बसली आणि फटीतून तिने आत पाहिलं. तिचा चेहरा आडवा दिसत होता. "मला का नाही विचारलं?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"विचारलं असतंस तर कळलं असतं ना?"

"नाही म्हणाली असतीस तर मला राहावं लागलं असतं," तो म्हणाला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "मला इथे श्वास घेता येत नाही गं. खूप झालं. मला कोणी जावई म्हटलं की अंगावर काटा येतो. एक दिवस तरी असा पाहिजे, की मी कुठे चाललोय हे कोणी विचारणार नाही."

ती म्हणाली, "माझ्या सगळ्या मैत्रिणी लग्न करून घराबाहेर पडल्या. कोणी लांब गेली, कोणी जवळ गेली, पण गेली. मला वाटायचं, माझाही नंबर लागेल. नवरा पाना धरणारा मिळाला म्हणून मी खूश होते, म्हटलं, पाना धरणाऱ्याला कुठेही काम मिळतं. आणि तू पेटी घेऊन माझ्याच घरी राहायला आलास."

"बबी," सासरा म्हणाला, "तुला मी काय कमी केलं?"

"काहीच नाही, बाबा. म्हणून तर बोलता येत नव्हतं."

सासरा उठला आणि मोठा जॅक ढकलत घेऊन आला.

पुढचं काम तिघांनी निमूटपणे केलं. बायकोने दुसऱ्या गाडीखालच्या घोड्या सोडवल्या, सासऱ्याने जॅक पंप केला, आणि गाडीचं शेपूट कण्हत कण्हत वर आलं. घोड्या लागल्या. पायऱ्या मोकळ्या झाल्या, जावई बाहेर यायला निघाला, तर ती म्हणाली, "आधी बोल्ट आवळ. पुन्हा खाली कशाला उतरतोस?" ते बरोबरच होतं. त्याने बोल्ट आवळले, एक सोडून एक, पुन्हा पहिल्यापासून. वर तिने चाकं चढवली. आता सगळं उघड झालंच होतं, आणि जावयाला आश्चर्य वाटलं, की त्याला हलकं वाटत होतं. दोघांनी जायचं. खोली लहान तर लहान. म्हाताऱ्याला महिन्यातून एकदा येऊन भेटायचं. हे आपल्याला आधी का सुचलं नाही, याचा त्याला रागही आला.

गाडी घोड्यांवरून उतरली आणि चाकांवर उभी राहिली. शेपूट चांगलं उंच दिसत होतं.

जिन्यावर पावलं गेली.

"काय करतेय ती, मामा?"

"पिशवी भरतेय," सासरा म्हणाला.

जावई पाने गोळा करू लागला. पावलं परत खाली आली. एक पिशवी पुढच्या सीटवर टाकल्याचा आवाज झाला, दार लागलं, आणि त्याच्या डोक्यावर इंजिन सुरू झालं.

"अगं थांब, मी अजून खाली आहे!"

तिने खिडकीतून मान काढली असावी, कारण आवाज बाजूने आला. "मागे घेतेय. बसून राहा."

"कुठे निघालीस?"

"खोली एकाची आहे," ती म्हणाली.

जावयाला आधी अर्थ लागला नाही. मग लागला. तिच्याजवळ लायसन्स होतं, गाडी तिची होती, आणि ठेकेदाराला काय, माल वर चढण्याशी मतलब. गिअर पडल्याचा आवाज झाला. आणि त्याच वेळी त्याची नजर वर ॲक्सलजवळ गेली.

तिथे एक बारीक दांडा असतो. एक टोक ॲक्सलला, दुसरं चेसिसवरच्या ब्रेकच्या व्हॉल्व्हला. गाडीत माल भरला की शेपूट बसतं, दांडा वर सरकतो, आणि मागच्या ब्रेकला जादा जोर मिळतो. रिकाम्या गाडीत दांडा लोंबतो, ब्रेक हलका लागतो. ठोकळ्यांनी गाडी उचलली होती, दांडा कायमचा लोंबत होता. कितीही माल भरा, गाडी स्वतःला रिकामीच समजणार होती. भरल्या गाडीने डोंगर उतरताना मागचा ब्रेक ऐन वेळी कमी पडला असता. जावयाला हे कालपासून माहीत होतं. सासरा यायच्या आत उरकायचं म्हणून त्याने ते सोडून दिलं होतं. आपण चालवणार, आपण जपून चालवू, एवढ्यावर भागवलं होतं.

"थांब!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. "गाडी हलवू नकोस!"

"मला विनवू नकोस आता."

"विनवत नाही. ब्रेकचं राहिलंय. खरंच राहिलंय. बंद कर इंजिन."

इंजिन बंद झालं. मग त्याने हात फटीतून बाहेर काढला. "मामा, एक पट्टी द्या. ठोकळ्याएवढी लांब, दोन्ही टोकांना भोकं. आणि दोन नटबोल्ट."

सासरा पट्टी शोधून, भोकं पाडून घेऊन आला. देताना त्याने खाली वाकून बघितलं, दांडा पाहिला, आणि जावयाकडे पाहिलं. "हे असंच घेऊन जाणार होतात?"

"मीच चालवणार होतो ना."

सासऱ्याने मान हलवली आणि टॉर्च धरला. जावयाने दांड्याचं ॲक्सलकडचं टोक सोडवलं, मध्ये पट्टी जोडली, दांडा पूर्वीच्या जागी आला की नाही ते पुन्हा पुन्हा तपासलं. पट्टी सैल ठेवली असती, बोल्ट मिळत नाही म्हटलं असतं, तर ती आज थांबली असती. हा विचार त्याच्या मनात आला. त्याने बोल्ट आणखी अर्धा फेरा आवळला.

"झालं," तो म्हणाला. "उतारावर दुसऱ्यातच ठेव. ब्रेकवर पाय दाबून बसू नकोस. पहिल्या खेपेनंतर यू-बोल्ट परत आवळून घे, ते थोडे सैल होतात."

"बरं."

"ऐकतेस ना?"

"ऐकतेय." मग ती म्हणाली, "बाबांच्या रात्रीच्या गोळ्या निळ्या डबीत आहेत. त्या जेवणाआधी द्यायच्या."

शटर वर गेल्याचा आवाज झाला. गाडी हळूहळू मागे सरकली. आधी खड्ड्याच्या पुढच्या टोकाला उजेड आला, मग तो जावयाच्या पायांवर आला, मग अंगावर. शेवटी गाडीचं तोंड त्याच्या डोक्यावरून बाहेर गेलं, आणि पाठोपाठ तिने गाडी सफाईने वळवून रस्त्याला लावली. आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू आला, मग नाही.

खड्ड्यावर आता काही नव्हतं. पायऱ्या चांगल्या मोकळ्या होत्या. जावई पाना हातात धरून तसाच उभा राहिला.

सासरा येऊन काठावर बसला, पाय खड्ड्यात सोडून. इतक्या जवळून जावयाने त्याला कधी पाहिलं नव्हतं. म्हातारा रस्त्याकडे बघायचं टाळत होता. हाताला लागलेलं ग्रीस तो पुन्हा पुन्हा विजारीला पुसत होता.

"जावईबापू," शेवटी तो म्हणाला, "तुम्ही तरी आहात ना?"

जावयाने वर पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "आहे, मामा."